सोळा मीटर सरकलेला दगड

"सही कर दीजिए, वझलवारजी. थाने में आज ही देना है."

दुबे साहेबांनी पोलिसांत द्यायच्या तक्रारीचा कागद माझ्यापुढे सरकवला. रायपुरात शंकर नगरातलं आमचं सर्व्हेचं ऑफिस. राज्य नवं, राजधानी नवी, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या अंगात घाई संचारलेली. कागदात लिहिलं होतं की बिसाहीन बाईनं सर्व्हेचा दगड उपटून सोळा मीटर पूर्वेले नेऊन गाडला. काहून, तर नव्या रस्त्याची रेघ तिच्या शेतावरून टळावी.

तो दगड मीच बसवला होता, अठरा वर्षांआधी. मी पेन खिशात ठेवून दिला.

"सही नाही करत, साहेब."

"जीपीएस रजिस्टर से सोलह मीटर का फ़र्क बता रहा है. झूठ बोल रहा है क्या?"

"जीपीएसही नाही, बाईही नाही. मले दोन दिवस द्या."

"एक दिन. फिर आपके बिना भेज दूँगा."

आता हा दगड कसा बसला ते सांगतो. जीपीएसच्या आधी ट्रान्झिट नावाचे उपग्रह होते. परक्या नौदलानं आपल्या पाणबुड्यांसाठी सोडलेले. रायपुरात कुठला आला समुद्र! पण उपग्रहाले काय, तो वरून जायचा आणि आम्ही त्याचा सिग्नल पकडायचो. गुढियारीच्या रुळापाशी उभे राहा. गाडी येताना भोंगा बारीक वाटते, पुढे निघून गेली की जाड होते. उपग्रहाच्या सिग्नलचंही तसंच. तो स्वतःचा रस्ता सांगत जायचा, आमचं यंत्र सुराचा फरक मोजायचं, आणि त्या दोहोंवरून आपण कुठं उभे आहो ते निघायचं.

डिझाइन मोठं नामी होतं. वरच्या हवेत सिग्नल थोडा बिघडते, म्हणून तो दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर एकदमच पाठवायचा. दोन्ही सारखे बिघडत नाहीत, त्या फरकातून चूक काढून टाकायची. अँटेना कायम जमिनीकडे राहावा म्हणून लांब दांडा आणि त्याच्या टोकाले वजन. बस्स, इंजिन वगैरे काही नाही. एक उपग्रह येऊन गेला की दुसऱ्याची वाट पाहा. असे कितीतरी फेरे जमवावे तेव्हा कुठं भरवशाचा आकडा हाती येई. मी बिसाहीन बाईच्या शेतात तंबू ठोकून आठवडाभर पडलो होतो. बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, आणि चटणी तिच्याच घरची खाल्ली. आणि आता तिलेच चोर ठरवणाऱ्या कागदावर सही करू? छट्!

दुसऱ्या दिवशी दुबे साहेबांले जीपमध्ये घालूनच नेलं. बाई बांधावर उभी होती. केस पिकलेले, पण आवाज तसाच खणखणीत.

"पथरा ला कोनो नइ हटाय हे, साहेब. तैं त जानथस."

"हव दीदी, दगड कोणी हलवला नाही, जाणतो. आता ह्यांलेही दाखवतो."

आमच्या कामात एक रीत आहे. वरच्या दगडावर खूण असते, आणि हातभर खाली आणखी एक दगड पुरलेला असते, बरोबर त्याच सरळ रेषेत खूण केलेला. गावात हे कोणाले सांगत नाहीत. कोणी वरचा हलवला, तरी खालचा खरं बोलते. मी चार खुंट्या ठोकल्या, दोन दोऱ्या वरच्या खुणेवर ओलांडून ताणल्या, दगड काढला आणि खणाले लावलं. मग दोऱ्या जिथं ओलांडल्या तिथून ओळंबा सोडला.

ओळंब्याचं टोक खालच्या खुणेवर टेकलं.

दुबे साहेब वाकून पाहतच राहिले. "तो फिर सोलह मीटर?"

खरं सांगतो, ते मलेही माहीत नव्हतं. म्हटलं, पाच कोसांवर माझा दुसरा दगड आहे, चला तिथं. तिथंही जीपीएसनं तेवढाच फरक दाखवला, त्याच दिशेले.

"आता बोला साहेब, हा दगडही बाईनं खांद्यावर घालून नेला?"

ऑफिसात येऊन जुनं रजिस्टर काढलं. पृथ्वीवर जागा मोजाले तिचा एक ठरीव आकार धरावा लागते, आणि पूर्व-पश्चिम मोजणीची सुरुवात कुठून ते ठरवावं लागते. याले डेटम म्हणतात. ट्रान्झिटचा डेटम वेगळा, जीपीएसचा वेगळा. नुसत्या त्या फरकानं आमच्याकडे सोळा मीटर पडतात. रजिस्टरमध्ये डेटमचा रकाना होता. कोरा. पानावरचं अक्षर माझं.

त्या काळी एकच यंत्र, एकच डेटम, वेगळं काय लिहायचं, असं वाटलं असेल. माझ्या एका आळसापायी ती बाई ठाण्यात बसली असती, आणि मी इकडे छाती काढून फिरून राहिलो होतो.

रजिस्टर दुबे साहेबांपुढे ठेवलं. "साहेब, कागद पाठवायचाच असेल तर तिचं नाव खोडा, माझं लिहा."

साहेबांनी तो कागद स्वतः फाडला. "वो खाली कॉलम भरिए, वझलवारजी," एवढंच म्हणाले.

रस्ता बाईच्या शेताचा तुकडा घेऊन गेलाच, ते काही माझ्या हातात नव्हतं. पण चोर म्हणून तिचं नाव कुठं चढलं नाही. मी सांगाले गेलो, चूक माझी होती तेही सांगितलं. ती म्हणाली, "त मोला काबर पूछिन? तोला पूछतिन."

बरोबर आहे. तिले काहून, आधी मलेच विचाराले पाहिजे होतं.