दाजींनी सरळ केलेला पंखा

जगातल्या काही वस्तू एकमेकींना बसत नाहीत, हे आमच्या दाजींना आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. अंथुर्ण्यात रस्त्याच्या कडेला त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार उसवून काढायची आणि तिथं नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. या कामात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात नव्हता, हे मी संतापलेला असूनही कबूल करतो. पण मोटार भरता येते म्हणून माणसानं सगळ्या जगाकडे मोटार म्हणूनच बघावं काय? "बसत न्हाय म्हंजी काय?" हा त्यांचा ठरलेला सवाल. वस्तू बसत नसेल तर दोष वस्तूचा नाही, बसवणाऱ्याच्या आळसाचा आहे, असं त्यांचं ठाम मत. मत बाळगायला माझी हरकत नव्हती. ते त्यांनी नेहमी दुसऱ्याच्या वस्तूंवर सिद्ध करून पाहिलं, याचा मला राग आहे.

अक्काच्या कुकरची रिंग फाटली तेव्हा दाजींनी ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून हिशेबानं गोल कापून नवी रिंग केली. कुकर शिट्ट्या देऊ लागला, पण पुढचे दोन महिने त्या घरात वरण जेवलेल्या प्रत्येकाला टायर बदलल्यासारखं वाटायचं. वर ते आम्हालाच विचारायचे, वरण कसं झालंय म्हणून. त्यांच्या चष्म्याची एक काडी त्यांची, दुसरी कुणीतरी दुकानात विसरून गेलेल्या चष्म्याची. दोन्हींची लांबी वेगळी, त्यामुळे दाजी जगाकडे कायम थोडं तिरकं बघायचे. मोपेडला त्यांनी ट्रकचा भोंगा बसवला होता. ऐन गाळपाच्या दिवसांत माळेगावच्या कारखान्याच्या रस्त्यावर तो त्यांनी एकदा वाजवला आणि उसाची बैलगाडी बैलांसकट शेजारच्या मक्यात शिरली. गाडीवान भडकला यात नवल नाही. दाजी त्याच्यावर उलटे भडकले, की बैलांना अजून भोंग्याची सवय कशी लावली नाहीस. आणि लग्नात काय केलं? मंगलाष्टकं सुरू झाली नि लाऊडस्पीकर बंद पडला. नवरदेव मुंडावळ्यांसकट अंतरपाटाखालून निघाले आणि स्टेजच्या खाली जाऊन बसले. भटजींनी पहिलं मंगलाष्टक चार वेळा म्हटलं. अक्का हातात हार घेऊन एकटीच उभी. दाजींनी लाऊडस्पीकरची वायर दिव्यांच्या माळेला कुठंतरी जोडून दिली. आवाज आला, पण त्यानंतर कुणी माइकमध्ये बोललं की मांडवातले सगळे दिवे मान टाकायचे. जावई कामाचा आहे, असं माझे वडील त्या दिवशी चारचौघांत म्हणाले. हे वाक्य त्यांनी वर्षभरात मागं घेतलं.

वाचणं आणि विचारणं, या दोन गोष्टी दाजींना कमीपणाच्या वाटायच्या. कुठल्याही नव्या यंत्राबरोबर आलेला माहितीचा कागद ते ग्रीसचे हात पुसायला घ्यायचे. त्यांचा सगळा भरवसा नाकावर. सुप्याचा एक शेतकरी एकदा पोत्यात मोटार घालून आला होता. दाजींनी पोतं न सोडताच वाकून वास घेतला आणि सांगितलं, दोन फेज जळाल्यात, एक वाचलीय, आणि ही मोटार दुपारी जळलेली आहे. उघडून बघितली तर तसंच. दुपारचं कसं कळलं हे मी विचारलं नाही, कारण त्यांनी ते सांगितलं असतं.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. बारामतीत एसटी स्टँडजवळ एका जिन्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. अकरा मशीन, तेरा वर्षं, आणि जिल्ह्यात नाव. नव्वदचं दशक निम्मं सरलं आणि बरोबर समोर काचेच्या दाराचा कॉम्प्युटर क्लास उघडला. पोरं माझ्या जिन्याच्या चार पायऱ्या चढायची, समोरची पाटी बघायची नि उतरून जायची. मार्चच्या बॅचला सातजण उरले. जूनच्या बॅचला माझ्या टेबलावर कॉम्प्युटर दिसला नाही तर क्लासला कुलूप लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तयार कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नव्हती. सुटे भाग आणून घरी जोडला तर जमण्यासारखं होतं. म्हणून मी तीन आठवडे अभ्यास केला. कोणत्या बोर्डात कोणता प्रोसेसर बसतो, त्याला मेमरी किती पिनांची लागते, बोर्ड कोणत्या पेटीत मावतो, त्या पेटीचा पॉवर सप्लाय बोर्डाला चालतो का. एक भाग बदलला की खालचे चार बदलावे लागत. आमच्या अक्काचं लग्न जमवताना घरात एवढा खल झाला नव्हता, आणि त्याचे परिणाम वर सांगितलेच आहेत. शेवटी मी यादी कार्बन घालून दोन प्रतींत टाइप केली. ही यादी अक्कानं पाहिली, तिनं दाजींना सांगितलं आणि दाजी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं माझ्या दारात हजर झाले. मी बोलावलं नव्हतं, हे नमूद करून ठेवतो.

पुण्याच्या दुकानात मी मालकाला यादी दिली आणि एक-एक वस्तू काउंटरवर येऊ लागली. दाजी प्रत्येक वस्तू उचलून विचारायचे, हे कशाला बसतं? मालक सांगायचा, अमक्यालाच. त्या 'च'वर दाजी असे काही हसायचे, की मालकाला आपण खोटं बोलतोय असं वाटू लागलं. मग त्यांनी कागदात गुंडाळलेली मेमरीची पट्टी सोडली, खिशातून आगकाडी काढली आणि कडेच्या सोनेरी पिना काडीनं मोजायला बसले. बाजारात बैल घेताना दात मोजून घेतात, तसं हे मोजून घेतल्याशिवाय न्यायचं नाही, म्हणाले. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोजून झाल्यावर दाजींनी काडी खाली ठेवली. "मास्तर, तुमच्या कागदावर भात्तर लिवलंय. हे तर तीसच दात हायत." मालकानं पट्टी हातात घेतली, ओशाळला, माफी मागितली आणि बहात्तर पिनांची काढून दिली. तीन आठवडे अभ्यास मी केला होता आणि चूक सापडली ती आगकाडीला. बारामतीपर्यंतच्या प्रवासात दाजींनी मॉनिटर मांडीवरून खाली ठेवला नाही आणि ही दातांची कथा कंडक्टरसकट सगळ्या एसटीला सांगितली.

निघताना मालकानं एक गोष्ट बजावली होती. पॉवर सप्लायमधून बोर्डाकडे दोन चपटे प्लग जातात, शेजारी शेजारी बसतात. बसवल्यावर दोघांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. बाकी सगळ्या वस्तूंना खाचा असतात, चुकीच्या बसतच नाहीत. हे दोन प्लग मात्र अदलाबदल करूनही बसतात आणि तसे बसले की बोर्ड गेला. हे त्यानं दोनदा मला आणि एकदा दाजींना सांगितलं. दाजी तेव्हा दुकानाचा स्टॅबिलायझर हुंगत होते.

रविवारी सकाळी क्लासमध्ये मी जोडायला बसलो. अक्का डबा घेऊन आली होती. दाजींना मी लांब खुर्चीवर बसायला सांगितलं आणि ते कधी नव्हे ते बसले. दुपारी बाराच्या सुमारास बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, मेमरीचे आकडे भराभर मोजले गेले. अक्कानं हात जोडले. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. क्लास वाचला होता. कॉम्प्युटर बंद करून मी नारळ आणि पेढे आणायला खाली गेलो. वीस मिनिटं लागली असतील. तेवढ्यात दाजी उठले होते. कॉम्प्युटर चालू असताना त्यांनी पेटीच्या मागं हात धरून बघितला होता, पंख्याचं गरम वारं बाहेर येत होतं. पंखा आतलं सामान गार करायला आहे, मग तो वारं बाहेर का टाकतो? म्हणजे उलटा फिरतोय. विहिरीवरची मोटार उलटी फिरली तर काय करतात, हे आमच्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल: दोन वायरींची अदलाबदल करतात, मोटार सरळ फिरते, पाणी येतं. दाजींनी पेटीत बघितलं, तर अदलाबदल करण्याजोग्या बरोबर दोनच गोष्टी तिथं होत्या. आणि त्या बसल्या! सगळ्या पेटीत नेमकं तेवढंच बसणार होतं. मी नारळ घेऊन दारात आलो तेव्हा दाजींचा चेहरा उजळला होता. "पंखा सरळ केला बगा," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

फट्ट असा बारीक आवाज झाला आणि धुराची एक रेघ निघाली. पडदा काळाच राहिला. दाजी पेटीवर वाकले, त्यांनी वास घेतला आणि बटण बंद केलं. काय जळलंय ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं. मी बोलत सुटलो. तेरा वर्षांचा क्लास, कुकर, भोंगा, लग्नातला लाऊडस्पीकर, सगळं त्यात आलं. अक्का मधे पडली तर तिलाही बोललो. शेवटी म्हणालो, "दाजी, माझ्या वस्तूला परत हात लावू नका." मोठा माणूस, घरचा जावई, पण मी बोललो. ते "बरं" म्हणाले, चप्पल घातली आणि जिना उतरून गेले. नारळ तसाच खिडकीत राहिला.

त्यानंतर आठ-नऊ दिवस मी, क्लास बंद होणार हे जुन्या बॅचच्या पोरांना कसं सांगायचं, याचा विचार करत होतो. तेवढ्यात माझ्या जिन्यावरून अंथुर्ण्याचा एक म्हातारा धापा टाकत वर आला. कालव्याला पाण्याची पाळी सुटली होती, त्याची मोटार जळली होती आणि दाजींचं दुकान नऊ दिवस बंद होतं. गावात चारपाच मोटारी दुकानाच्या दारात पडून होत्या. "ऐन पाण्याच्या वक्ताला दुकान टाकून ह्यो माणूस गेला कुठं?" असं तो मला विचारत होता, जणू मी दाजींना लपवून ठेवलंय. म्हणजे माझा कॉम्प्युटर त्यांनी जाळायचा आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या शिव्याही मीच खायच्या. मी अक्काकडे गेलो. दाजी रोज पहिल्या एसटीनं पुण्याला जातात आणि शेवटच्या एसटीनं येतात, एवढंच तिला माहीत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी दाजी क्लासमध्ये आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा बोर्ड होता. त्या दुकानाच्या माळ्यावर गिऱ्हाइकांचे जळके स्टॅबिलायझर साठलेले होते. ते सगळे दाजींनी पायरीवर बसून भरून दिले होते आणि त्याच्या बदल्यात बोर्ड घेतला होता. बोर्डाबरोबर त्यांनी वहीचा एक कागदही माझ्यापुढं ठेवला. पेन्सिलीनं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलेला. वर लिहिलं होतं, 'काय काय बसत न्हाय'. खाली सोळा नोंदी. हा बोर्ड त्या पेटीत नाही, ही मेमरी त्या बोर्डात नाही, अशा. नऊ दिवस स्टॅबिलायझर भरता भरता त्यांनी मालकाला विचारून विचारून हे लिहून घेतलं होतं. सोळावी नोंद अशी होती: 'पंखा भाईर वारा टाकतो. त्याला तसाच फिरू द्यावा.'

मी बोर्ड बसवला. दाजी दाराजवळ हात मागं बांधून उभे होते. काळ्या तारा मधे घेतल्या, दोनदा तपासल्या, आणि म्हणालो, दाजी, बटण तुम्ही दाबा. ते पुढं आले. धोतराला हात पुसला. बटणाच्या वीतभर अलीकडे त्यांचा हात थांबला.

"मास्तर, लावू का हात?"

या माणसानं कधीतरी कुणाला तरी आधी विचारावं, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. आता त्यांनी विचारलं आणि मला माझीच लाज वाटली.

जूनची बॅच भरली. क्लास चालला, अजून चालतो आहे. अक्का सांगते की बाकी सगळीकडे दाजी होते तसेच आहेत. परवाच त्यांनी शेजाऱ्याच्या टीव्हीला स्कूटरचं काहीतरी बसवलं, आणि शेजारी अजून बोलत नाही. पण बारामतीला आले की माझ्याकडे येतात, दाराजवळ थांबतात आणि खुर्ची ओढून घेण्याआधीसुद्धा विचारतात. मी दरवेळी म्हणतो, दाजी, घ्या की, लावा की हात, तुमचंच आहे. ते मान हलवतात, हात मागं बांधतात आणि मी खुर्ची देईपर्यंत उभे राहतात.