वन्संच्या दारातलं डांबर

दवाखान्यातून भाच्याचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात दुधाची पिशवी होती, दुसऱ्या हातात कात्री. "मामी, आई गेली..." एवढंच तो म्हणाला आणि पिशवीचा कोपरा कापला जाऊन ओट्याखाली पडला. रडायचं सोडून मी तो शोधत बसले. "कोपरा लोंबता ठेवायचा, वहिनी. तेवढाच नेमका गटारात जातो," हे वन्संनी मला जन्मभर ऐकवलं होतं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सांगलीत आमच्या समोरच राहायच्या, शाळेत विज्ञान शिकवायच्या. नव्वदच्या दशकात दुधाच्या पिशव्यांनी गल्लीचं गटार तुंबायला लागलं, तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी फर्मान काढलं, "यंदा वाण मी देणार नाही, तुम्ही आणायचं. धुतलेल्या पिशव्या!" मी वाईची, स्वतःला भारी खानदानी समजणारी. पिशव्यांचं गाठोडं पदराखाली असं लपवून नेलं, जणू चोरीचा माल!

पुढे गल्लीत डांबर पडायचं ठरलं. वन्सं मुकादमापुढे ठाकल्या. "माझ्या दारापुढचा तुकडा ह्या पिशव्या घालून करायचा."

"आवं बाई, डांबर हाय ह्ये, आमटी न्हवं!"

त्याला गप्प करायला मी शहाणी पुढे झाले आणि अर्धवट वाळलेलं गाठोडं थेट उकळत्या पिंपात उपडं केलं. असा फेस, असा धूर... माणसं पळाली, मी सगळ्यांच्या पुढे. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "भडंगाचे चुरमुरे आधी तापवता ना, वहिनी?" मग खडी तापवली, वाळक्या पिशव्यांचे बारीक तुकडे तिच्यावर परतले, खडीला चकचकीत लेप बसला. डांबर त्यानंतर.

"पावसात उपटून यील," मुकादम म्हणाला. पावसाळाभर वन्सं रोज सकाळी त्या तुकड्यावर टाच आपटत. गल्ली उखडली, तुकडा हलला नाही. बघायला आलेले पालिकेचे साहेब म्हणाले, "उत्तम, पण आमच्या नियमात बसत नाही."

"मग नियम सैल करा."

कुणी केला नाही. त्याही थांबल्या नाहीत. टाच शेवटपर्यंत आपटत राहिल्या.

गेल्या आठवड्यात काँक्रीटवाले खणायला आले. मी वन्संची वेताची खुर्ची त्या तुकड्यावर मांडली आणि बसले.

"आजी, उठा. काँक्रीट लय टिकतं."

"टिकू दे की. आधी ह्याच्याइतके पावसाळे काढू दे, मग ये मला उठवायला."

तेवढा तुकडा सोडून बाकीची गल्ली खणून ते गेले. परत येतील, येऊ देत. खुर्ची तिथेच आहे. रोज सकाळी दूध घेताना मी त्या डांबरावर टाच आपटते. कुरकुरतो तो माझा गुडघा, रस्ता नाही.