मोऱ्यांचं नाक

"यांच्या घरचं कोण आहे?" पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातल्या माणसाने चाळीच्या जिन्यात विचारलं.

मी कपड्यांची पिशवी घेऊन पुढे झाले. मोरे खुर्चीत बसून धापा टाकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणी नाही. या शेजारच्या." घरची म्हटलं असतं तर मलाही उचलून क्वारंटाइन सेंटरात नेलं असतं. पिशवी त्याने घेतली आणि मला मागे सरायला सांगितलं. मी सरले.

मोरे डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत जन्मभर राबले. तिथे त्यांचं नाक गेलं. नासलेलं दूध, गळणारा गॅस, काही कळत नसे. बायको होती तोवर चाललं. पुढे खानावळीचा डबा. लॉकडाऊन लागला, खानावळ बंद झाली आणि मोरे पातेलं घेऊन माझ्या दारात आले.

"बाई, जरा हुंगून सांगा. खाऊ की टाकू?"

"टाका. आणि भांडं घासायला शिका."

"नाक मागितलं होतं, तोंड फुकट मिळालं."

रोज पातेलं यायचं. मग मीच दोघांचं रांधू लागले. समोरची कांबळेवहिनी हसायची, "मावशी, या वयात?" मी म्हटलं, "आधीच्या वयात कुणी विचारलं नाही."

मोऱ्यांना गोड बोलता येत नसे. एकदा मी वेणी घालत होते, तर म्हणाले, "तुमच्या तेलाला वास कसा येतो?"

"माक्याचा."

"म्हणजे कसा?"

मला सांगता येईना. ते मात्र रोज विचारायचे.

एका दुपारी मी डाळ हुंगून वाढली. दोघं जेवलो. कांबळेवहिनी दारातून म्हणाली, "मावशी, डाळ आंबलीय. इथवर वास येतोय." मी पातेल्यात नाक घातलं. काही नाही. तेलाची बाटली उघडली. काही नाही. दुधाच्या रांगेत मीच जायची, मोरे चाळीबाहेर पडत नसत.

मोरे हसले. "चला, आता जोडी जमली." मग त्यांनाही कळलं, वास जाणं म्हणजे कोरोना.

मला नुसती कणकण आली. त्यांना दम लागला.

हॉस्पिटलचा फोन खडवलीला त्यांच्या पुतण्याला गेला. शेजारणीला कोण फोन करणार? पुतण्याने नंतर कळवलं, "काका गेले. आम्हालाही बघू दिलं नाही."

पुढे एका सकाळी बाटली उघडली, तर तेलाचा वास आला.

मोरे गेले. मी वाचले.