एकदाही उठलो नाही

डीव्हीडी परत करायला गेलं की मामा आधी दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. डबी आपल्याच हातात राहायची. मग चष्म्याच्या वरून बघत ते विचारायचे, "किती डाव उठले?"

पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नाही. आखाडा बाळापूरच्या हायस्कुलात मी नुकताच लागलो होतो, एकटाच होतो, आणि सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं त्यांचं बसस्टँडमागच्या बोळातलं भाड्याच्या डीव्हीडींचं दुकान हीच काय ती माझी करमणूक.

"पिक्चर पाहता पाहता किती डाव उठून गेले? पानी प्यायला, मोरीत, दारात, कुठंबी," त्यांनी समजावून सांगितलं.

"तीनदा असेल."

"असेल न्हाई. बराबर सांगा."

मी आठवून चार सांगितले तेव्हा हात पुढे आले. मामांनी डबी घेतली. दवाखान्यात मलमपट्टीवर लावतात तसल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापून डबीवर लावला आणि त्यावर बॉलपेनने चार लिहिला. आदल्या गिऱ्हाइकाचा तिथे सहा होता. मी दिवसभर पोरांना मार्क देणारा माणूस, पण जास्त आकडा म्हणजे वाईट आणि शून्य म्हणजे उत्तम, ही परीक्षा मी कधी पाहिली नव्हती.

शुक्रवारी नांदेडचा जीपवाला नव्या डीव्हीडींचं खोकं टाकून जायचा. त्या दिवशी दुकानात लग्नघरासारखी गर्दी. नव्या पिक्चरवर आकडा नसायचा, त्यामुळे पहिलं नेणारा स्वतःच्या जिवावर न्यायचा. रविवारपर्यंत तीनचार जणांचे आकडे पडले की सगळ्या बाळापूरला कळायचं, कोणता पिक्चर घ्यावा आणि कोणता नाही. "चांगला आहे का हो?" असं मात्र मामा कोणालाच विचारत नसत. "चांगला म्हनायला काय जाते? तोंडच हाय ते. पाय खोटं बोलत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

शिवाय ते आकडे तसेच घेत नसत. आमच्याकडचे एक निवृत्त तलाठी कोणत्याही पिक्चरला आठ सांगत. मामा त्यातले पाच वजा करायचे, "साखरेचे." एखादी वहिनी डबी द्यायला आली तर विचारायचे, "चुलीपाशी किती डाव?" आणि तेवढे सोडून द्यायचे. लाइट गेली म्हणून उठलं तर ते उठणं धरायचंच नाही. एका शेतकऱ्याने सहा सांगितले, तर मामा म्हणाले, "तुमची म्हैस व्यायला झाली ना? मंग दोन धरतो." सगळ्या गावाचं घर न् घर त्यांना त्या चिकटपट्टीवरून ठाऊक होतं.

मला या सगळ्याचा कंटाळा यायचा, खरं सांगतो. अडीच तासांच्या पिक्चरचा एवढा पंचनामा कशाला? मी मनाला येईल तो आकडा ठोकून द्यायला लागलो. दोन, तीन, कधी पाच. हा सगळा मामांचा चक्रमपणा आहे, असं माझं मत झालं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि असंच मत करून मोकळे झाला असाल.

मग मी खोली बदलली. नवी खोली मामांच्या घरासमोर निघाली. मधे फक्त एक बैलगाडी जाईल एवढा बोळ.

मामी सहा वर्षांपासून अंथरुणावर होत्या. लकवा मारून उजवी बाजू गेलेली. बोलायच्या, पण शब्द सावकाश, जड यायचा. एकुलती एक लेक सेनगावला दिलेली. सकाळी शेजारची एक बाई येऊन मामींचं करून जायची, दुपार कशीतरी सरायची, आणि दिवस कलला की मामींचं बिनसायचं. रडायच्या, ओरडायच्या, मरण मागायच्या. मामा साडेसहाला दुकानाला कुलूप लावायचे ते यासाठी. ते येताना एक डीव्हीडी आणायचे. मामा पलंगाशेजारी स्टुलावर बसायचे आणि दोघं पिक्चर बघायचे.

"चांगला लागला तर अडीच घंटे ती हितं नसते, सर," मामा मला एकदा म्हणाले. "अन् मधीच रटाळ निघाला की परत हितंच येते. मंग लई तकलीफ होते तिला. तिला काय उठून जाता येते? आपुन उठतो. ती कुठं जाईल?"

ती चिकटपट्टी कुठून यायची, हे मला तेव्हा कळलं. मामींच्या पाठीच्या जखमांसाठी घरात त्या पट्टीचे डबे भरलेले होते.

त्या दिवशी मला माझी लाज वाटली. त्यानंतर मी इमानदारीने आकडे सांगू लागलो. पिक्चर लावला की खरंच मोजायचो. माझा आकडा मामांच्या लेखी सगळ्यांत पक्का झाला, कारण मला साखर नाही, चूल नाही, म्हैस नाही. "सरांचा आकडा म्हंजे कागदावरचा," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी उगाच फुगायचो.

संध्याकाळी खिडकीतून मला त्यांचा टीव्ही ऐकू यायचा. त्याहून जास्त मामी ऐकू यायच्या. "आता हा मारतो बघा त्याला," "हिला काहून कळंना?" आणि मामांचं हळूच, "व्हय व्हय, गप ऱ्हा, पाहू दे." एकदा ऐन शेवटाला लाइट गेली, तर मामांनी अंधारात पुढची सगळी गोष्ट मनाने रचून सांगितली. त्यात त्यांनी खलनायकाला पोलिसात भरती केलं. मामी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी माझ्या खोलीत एकटाच हसत बसलो होतो.

आता माझ्या चुकीकडे येतो.

मार्च महिना होता. पेपरांचे गठ्ठे तपासून माझे डोळे शिणले होते. शुक्रवारी आलेला एक नवा पिक्चर मी नेला, आकडा न पडलेला. रविवारी दुपारी पिठलं-भाकरी खाऊन तो लावला, उशी घेतली, आणि सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत मला झोप लागली. जाग आली तेव्हा पडदा निळा झाला होता आणि बाहेर उन्हं उतरली होती.

डबी घेऊन गेलो. मामांनी हात पाठीमागे घेतले.

"किती डाव उठले?"

"एकदाही नाही," मी म्हणालो.

यात खोटं काय होतं? मी खरोखर उठलो नव्हतो. मास्तर असून भरदुपारी घोरत पडलो, हे दुकानातल्या चार माणसांसमोर सांगायला जीभ वळेना. थोडी गंमतही वाटली, हेही कबूल करतो. मामांच्या त्या परीक्षेत झोपेला जागाच नव्हती.

"येकदाबी न्हाई?" मामांचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच बोलायला हवं होतं. "दोन दिस झाले, जीव खाऊन राहिली. काहीच पसंत पडंना तिला." त्यांनी पट्टीवर शून्य काढला आणि डबी रॅकवर न ठेवता स्वतःच्या पिशवीत टाकली. एरवी ते तिघांचे आकडे पडल्याशिवाय घरी नेत नसत. माझ्या शब्दावर नेली.

मंगळवारी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"सर, तुमी तो पिक्चर पुरा पाहिला होता?"

मग त्यांनीच मला त्या पिक्चरची गोष्ट सांगितली, कारण मला ती माहीतच नव्हती. मध्यंतरानंतर त्यातली बायको आजारी पडते. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळते. नवरा तिचं सगळं करतो. आणि एक दिवस गच्चीवर मित्राला सांगतो की मी थकलो, आता सुटका हवी. ती दारामागून ऐकते.

"आमच्या हिनं भिताडाकडं तोंड केलं," मामा म्हणाले. "म्हनली, मुद्दाम आनला व्हय? तुमच्या तोंडानं सांगवत न्हवतं व्हय? म्या लई सांगितलं, मला ठाऊक न्हवतं म्हनून. माझ्या तोंडाचं खरं वाटंना तिला. कालबी पिक्चर नको म्हनली."

मी झोपलो होतो, हे मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "मंग तुमी येऊन तिला सांगा. तेवढं करा, सर."

त्याच दुपारी, मामा दुकानात असताना, मी गेलो. मामींच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. पेपर, पिठलं, झोप, शून्य, काहीही लपवलं नाही. मामींचा डाव्या बाजूचा ओठ हलला. त्या हसत होत्या.

"मला ठाऊक हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्यांनी मुद्दाम न्हाई आनला. त्या राती रागात बोलले मी. दुसऱ्या दिशी समजलं मला."

"मग त्यांना सांगा की तसं! जिवाला लावून घेतलंय त्यांनी."

"न्हाई." त्यांनी श्वास घेतला. "तो मानूस थकलो म्हनला ना, तवा मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. थकले हाईत ते, सर. सहा वर्सं झाली. दुकानात दिसभर बसायचं, अन् घरी येऊन परत माझ्यापाशी. मी पिक्चर नको म्हनलं तर पारावर जातील, चार मानसांत बसतील, लवकर निजतील. रागावली हाय असं वाटू द्या. गोडीनं बोलायले लागले मी, तर परत स्टुलावर येऊन बसतील."

मी काही बोलणार तोच त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. "बोलू नका ह्यांना. शब्द द्या."

मी शब्द दिला. आजारी बाईचं मन मोडू नये एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी."

"मंग?"

"होईल हळूहळू."

मामा पारावर गेले नाहीत. रोज साडेसहाला कुलूप लावून, पिशवीत डीव्हीडी घेऊन ते घरी यायचे. मला खिडकीतून ऐकू यायचं, "लावू?" आणि मामींचं "नको." मग काहीच ऐकू यायचं नाही. टीव्ही बंद, आणि आत दोघं माणसं बसलेली. गिऱ्हाइकांना ते आता जास्तच खोदून विचारायचे. मारामारी आहे का, आजारपण आहे का, कोणी मरतं का. एक निव्वळ हसायचा पिक्चर त्यांनी सात जणांना विचारून निवडला होता. त्यालाही मामी नको म्हणाल्या. रोज सकाळी मला वाटायचं, आज सांगून टाकू. आणि रोज दिलेला शब्द आठवायचा. शब्द पाळण्यात आपण फार मोठं काही करतो आहोत, असा एक आखडूपणाही होता त्यात. मामांची तब्येत उतरत होती आणि मी समोरच्या खोलीत प्रामाणिक राहत होतो.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या दोन आठवडे आधी मामी गेल्या. मी सुट्टीत गावी होतो. परत आलो तोवर दहावा होऊन गेला होता.

मामा दुकानात रॅक उतरवत होते. लेकीने सेनगावला बोलावलं होतं, आणि तसंही लोक मोबाईलवर पिक्चर बघायला लागले होते. मी पोत्याचं तोंड धरलं आणि ते एकेक डबी आत टाकू लागले. पोतं अर्धं भरल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटपत्तुर तिला तसंच वाटत असंल का, सर? मी मुद्दाम आनला म्हनून?"

आता शब्द कोणासाठी ठेवायचा? मी सगळं सांगितलं. तुम्हाला आराम मिळावा म्हणून मामी नको म्हणत होत्या, पिक्चरमधला तो थकलो म्हणाला तेव्हा तुम्ही मान खाली घातलेली त्यांनी पाहिली होती, सगळं. मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

मामांच्या हातातली डबी हातातच राहिली.

"मी थकलो न्हवतो," ते म्हणाले. "सहा वर्सं पिक्चर पाहतानी तिचा डावा हात माझ्या हातात असायचा. दिसभरात मला तेवढंच होतं. तो मानूस तसं बोलला अन् तिनं हात काढून घेतला. म्हनून मी खाली पाहिलं."

मी पोतं धरून उभा होतो.

"तीन म्हयने होते, सर," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमी तवाच सांगायचं होतं."

त्यानंतर त्यांनी उरलेल्या डब्या भरल्या, मीच पोत्याचं तोंड शिवून दिलं, आणि दोनतीन दिवसांत ते सेनगावला गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. फोनवर पिक्चर संपला की कसा वाटला म्हणून अंगठा वर की खाली ते विचारतात. मी काहीच न दाबता बंद करतो.

परीक्षेच्या कामानिमित्त वर्षातून दोनदा मला सेनगावला जावं लागतं. त्यांच्या लेकीचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर आहे, पत्ता माझ्याकडे आहे, आणि मामा अजून आहेत असं कळतं. काम आटोपून मी स्टँडवर येतो, बाळापूरची गाडी लागायला तासभर असतो, आणि तो तासभर मी तिथेच बाकावर बसून राहतो.