गळ्यातली तार

नाकातून गेलेली हवा छातीत पोचेपर्यंत ऊबदार आणि ओलसर होते. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून गळ्याला कायमचं भोक ठेवलेल्या माणसाला ती सोय नसते. हवा कोरडीच आत उतरते. भोकावर स्पंजची गाळणी बसवली तर किती फरक पडतो, हे मी अशांच्या घरी जाऊन हवेची ऊब टिपणाऱ्या बारीक तारेनं मोजायचो.

त्या दिवशी सेनगावजवळ अशाच एका शेतकऱ्याच्या अंगणात बसलो होतो. गाळणीतून तार त्याच्या गळ्यात सोडलेली, आकडे दाखवणारं यंत्र माझ्या हातात. तेवढ्यात त्याच्या थोरल्या भावानं शेजारी सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू केलं आणि सगळा भुसा आमच्याकडे आला. धाकटा खोकून खोकून बेजार झाला. बंद कर म्हणायला आवाज नव्हता. त्यानं दांडकं उचललं, तार लोंबत असतानाच धावला आणि यंत्राचा पत्रा बडवत सुटला. एक तडाखा भावाच्या खांद्यावर बसला.

भावानं त्याची गचांडी धरली. भांडणात सगळेच धरतात. पण हा माणूस तिथूनच श्वास घेत होता. गाळणी आत चेपली, तो निळा पडून कोसळला.

भाऊ घाबरला. त्यानं बुक्कीनं कांदा फोडून धाकट्याच्या नाकाशी धरला. "हुंग ना बा, हुंग." नाकाचा काही उपयोग नाही, असं मी ओरडत होतो, पण ऐकतो कोण? त्या कांद्याचा मला इतका राग आला की मी भावाला लाथ घातली. मग त्यांची म्हातारी आई तांब्या घेऊन आली आणि उघड्या गळ्यावर पाणी ओतायला वाकली. ते थेट फुप्फुसात गेलं असतं. मी तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती ओट्याच्या दगडावर आपटली, कपाळ फुटलं.

मी बोटं घालून गाळणी ओढून काढली, तारेसकट. रक्त आलं, मग श्वास आला, करवतीसारखा आवाज करत.

थोड्या वेळानं तो उठून बसला. आईचं कपाळ पाहिलं, भावानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्यानं होता नव्हता तेवढा जोर लावून माझ्या थोबाडीत मारली. दुसऱ्यांदा हात उगारला. मी हललो नाही. मलाही लाज वाटत होती.

म्हातारीनं पुढे होऊन तळहात त्याच्या भोकासमोर धरला.

"मारू नको त्याला," ती म्हणाली. "त्याच्यामुळंच दम येऊन राहिला तुझा, गरम."