तारेच्या आतलं मोहाचं झाड

डोंगरावरच्या त्या तालुक्याच्या गावात आम्ही प्लॉट घेतला, तेव्हा विकणारा म्हणाला होता, "जमीन तुमची, पण हे मोहाचं झाड टोल्यावरल्या बाईचं हाय." टोला म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती; तिथल्या त्या बाईच्या सासूच्या काळापासून तिचंच घर त्याची फुलं वेचत होतं. आम्ही पडलो चंद्रपूर शहरातली माणसं. आम्हाला ते नुसतं बोलणं वाटलं. नवऱ्याने पहिलं काम काय केलं, तर चारी बाजूंनी काटेरी तार ठोकली.

चैत्रात ती बाई पहाटे टोपली घेऊन आली आणि तारेबाहेर उभी राहिली. मी फाटक उघडलं. म्हटलं, "या ना बाई, वेचा."

"नाई," ती म्हणाली. "तार लावली म्हणजे झाड तुमचं झालं. आता तुमीच वेचा."

आम्ही कसली वेचतो! फुलं कुजली. त्या वासाने अस्वलं आली आणि तार वाकवून आत शिरली. घराचं जोतं तेवढं झालं होतं. पुढचं काम अडलं, कारण मजूर सगळे तिच्याच टोल्यावरचे. भांडायलासुद्धा कुणी आलं नाही. शेवटी मी चिडून सगळी तार उपटून काढली, तिला निरोप धाडला. ती आली नाही.

मग प्लॉट विकायला काढला. नागभीडचं एक गिऱ्हाईक आलं. जोत्यावर उभं राहून त्याने मोहाकडे डोळे भरून पाहिलं.

"जागा मस्त हाय," तो म्हणाला. "पण बाई, तारेचं कुंपण काऊन नाई केलं?"