मारव्यातला सा

८ फेब्रुवारी, रविवार. कपाटातल्या जुन्या सीड्या भंगारात टाकायला काढल्या होत्या. त्यातली एक बाजूला ठेवली. तिच्याबद्दल मी तोवर कुणाशी बोलले नव्हते — नवऱ्याशीही नाही. तुम्हाला सांगते.

नितीन माझा धाकटा भाऊ. कॉलेज संपल्यावर त्यानं आणि तीन मित्रांनी रानशेत गावातल्या काकांच्या चिकूच्या शेडमध्ये एक अल्बम रेकॉर्ड केला. भिंतींना पोती, माइक क्रेटवर. इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि लग्नाच्या बँडमधून ओढून आणलेला सॅक्सोफोनवाला. गाणी नव्हतीच. एकच सलग रचना — रॉकची, मधेच जॅझसारखी सैल सुटणारी, आणि मुळाशी मारवा राग.

घरात गाणं शिकलेली मी. विशारद. सीडी माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "ताई, तू पास केलंस तरच बाहेर काढायचं. नाहीतर लोक म्हणतील, पोरांनी रागाची चटणी केली."

ऐकली. दार लावून, पूर्ण. मारव्यात सा मुद्दाम दूर ठेवतात, ऐकणारा घरी पोचायची वाट बघत राहतो. गुरुजींनी मला हे वर्षानुवर्षं शिकवलं. माझ्या गळ्यात कधी उतरलं नाही. आणि या पोरांनी सबंध अल्बमभर सा लांबवला होता! गिटार त्याच्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि वळायची. ड्रम थांबायचे. अगदी शेवटी त्या वरातीतल्या सॅक्सोफोननं सा लावला — एकदाच. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आरतीला उठतो तशी.

मग नितीनला काय सांगितलं?

"सा कुठे आहे रे? सा नाही तर राग नाही. मारवा मोडलाय तुम्ही."

खोटं. मला सगळं कळलं होतं. हेवा वाटला — दुसरा शब्द नाही. क्लासला एक दिवस न बसलेल्या पोराला ते आलं होतं.

त्यानं वाद घातला नाही. विशारद ताईशी कोण घालणार? पुन्हा शेडमध्ये जाऊन त्यांनी जागोजागी सा भरला, खाली तानपुरा लावला. रचना मेली. मेली हे त्याला कळलं, का ते कळलं नाही. आपल्यातच काही नव्हतं, असं धरून बसला. लाजेनं पहिलं रेकॉर्डिंग पुसलं. माझ्याकडची सीडी मागायला आला, तेव्हा मी म्हणाले — टाकली.

आता तलासरीत गाड्यांच्या बॅटऱ्या विकतो. गिटार घरात नाही.

रविवारी ती सीडी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर लावली. इतकी वर्षं गेली, तरी त्या शेवटच्या सुराला मी पुन्हा उठून उभी. हातात धुळीचं फडकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकवते त्या शाळेत रजा कळवली आणि तलासरीची एसटी धरली. दुकानात गिऱ्हाईकं होती. त्यांच्यासमोरच सीडी काउंटरवर ठेवली. म्हटलं, "सा बरोबर होता. मला तेव्हाच माहीत होतं."

नितीननं हात पुसले. सीडी उचलली, उलटसुलट करून बघत राहिला. मग पायानंच स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी बसले नाही.